अ‍ॅम्बेसेडरचा सेल्फ उचलत नाही? सेल्फ खोलायच्या आधी हे सगळं बघून घ्या

सेल्फ म्हणजे चालू करताना इंजिन फिरवणारी विजेची स्टार्टर मोटर. आधी लक्षणं सांगतो. तुमची गाडी यातल्या कुठल्या प्रकारात बसते ते नीट ऐकून ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

चावी फिरवली (किंवा खटका दाबला) की काहीच नाही, टक सुद्धा नाही.

एकच टक, आणि मग शांत.

टकटकटकटक असं भरभर वाजतं, इंजिन जागचं हलत नाही.

इंजिन फिरतं पण जड, घ्यँ… घ्यँ… करत, दोन-तीन फेऱ्यांत दम संपतो.

सेल्फ गर्रर्र करून मोकळा फिरतो, आवाज पंख्यासारखा, इंजिन ढिम्म.

खडाक करून अडकतो आणि डॅशबोर्डचे दिवे एकदम मंदावतात.

खर्रर्र असा दातावर दात घासल्यासारखा आवाज, कधी उचलतो कधी नाही.

आणि एक छुपं लक्षण, जे सगळ्यात जास्त फसवतं. सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते, पण वीस-पंचवीस किलोमीटर चालवून चहाला थांबलात की परत घेत नाही, अर्ध्या तासाने पुन्हा काही झालंच नाही अशी चालू.

आमच्या घरची अ‍ॅम्बेसेडर मार्क थ्री आहे, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, म्हणजे मूळ बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज, मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेलं. गाडी वडिलांची, आता मी सांभाळतो. हे सगळे दोष मी आमच्या गाडीत आणि कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतल्या ओळखीच्या लोकांच्या गाड्यांत परत परत दुरुस्त केलेत आणि मनापासून सांगतो, बहुतेक वेळा सेल्फ चांगलाच निघतो. दोष असतो सेल्फपर्यंत करंट नेणाऱ्या आणि तिथून परत आणणाऱ्या वाटेत. लोक मात्र पहिल्यांदा सेल्फच उतरवतात, कार्बन (करंट आत नेणारे ब्रश) बदलतात, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) बदलतात, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. म्हणून खालचा क्रम मोडू नका, आधी फुकटच्या गोष्टी, मग स्वस्त, मग खर्चाच्या.

इसुझू इंजिनवाली १८०० किंवा डिझेल असेल तर बॅटरी, केबल आणि अर्थचं (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत यायच्या वाटेचं) सगळं तसंच लागू आहे, पण सेल्फच्या आतलं वेगळं आहे. त्यांच्या सेल्फच्या डोक्यावरच सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा मोठा खटका) बसलेला असतो आणि तो पिनियनला (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला) ढकलून रिंगमधे (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्यात) घालतो. आपल्या जुन्या पेट्रोलमधे सोलेनॉइड सेल्फपासून लांब असतो, सेल्फच्या शाफ्टवर बेंडिक्स (पिनियन ज्यावर बसतो तो आट्यांचा भाग) असतं, आणि सेल्फ झटक्यात फिरला की पिनियन आट्यांवरून स्वतःच्या जडपणामुळे पुढे फेकला जातो. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सुरू करायच्या आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. बॅटरीवर वाकून बिडी-सिगारेट नाही, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. आणि बॅटरी सोडायची वेळ आली तर बॉडीला जाणारी, म्हणजे अर्थची केबल पहिली काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची. पाना चुकून बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, तेव्हा गृहीत धरू नका, केबल कुठे जाते ते डोळ्याने बघा.

पहिली तपासणी, हेडलाईट लावा

खर्च शून्य. हेडलाईट चालू करून गाडी भिंतीसमोर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. उजेड जसाच्या तसा आणि सेल्फ गप्प, याचा अर्थ करंट सेल्फकडे गेलाच नाही, म्हणजे खटका, बारीक वायर, सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन. उजेड पार विझला आणि हात काढल्यावर परत आला तर बॅटरीची टर्मिनलं सैल नाहीतर गंजलेली. उजेड लाल-पिवळा होऊन मंदावला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फ अडकलाय, दोन्हीत बॅटरीचं व्होल्टेज खाली पडतं. एवढ्या एका मिनिटात निम्मा तपास होतो, तरी लोक हे करत नाहीत.

मग बॅटरी

मल्टिमीटर आता कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-चारशे रुपयात मिळतो, एक डिकीत टाकूनच ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे साधारण अर्धी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा मग पुढचं बोला. १०.५ च्या जवळ अडकून बसली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर सहातला एक सेल गेलाय, ती बॅटरी बदलायचीच.

पण नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नका. मीटर लावलेला ठेवून सेल्फ मारा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. उभ्या बॅटरीला १२.५ दाखवणारी आणि सेल्फ मारला की ७ वर पडणारी बॅटरी मी कितीतरी वेळा बघितली आहे, विशेषतः ज्या गाड्या महिन्यातून एकदा बाहेर निघतात त्यांच्यात. बॅटरी वापरली नाही तर आतून सल्फेट धरते, वरून दिसत नाही. पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही.

एक सवय मात्र सोडा, सेल्फ जड फिरतो म्हणून मोठी बॅटरी बसवायची. त्याने दोन महिने बरं वाटतं आणि मूळ दुखणं तिथेच राहतं.

टर्मिनल

पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर गरम पाणी ओता, खायचा सोडा टाका, ब्रशने घासा. पण खरी घाण दिसत नाही, ती क्लॅम्पच्या आतल्या बाजूला आणि बॅटरीच्या खुंटावर काळपट थर होऊन बसलेली असते. क्लॅम्प काढा, काच कागदाने दोन्हीकडचं शिसं चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली लावून मग क्लॅम्प बसवायचा नाही.

एवढ्याशा थराने काय होतं म्हणाल तर हिशोब बघा. हे इंजिन फिरवायला सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. वाटेत एका ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा आला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. हेडलाईटला सात-आठ अँपिअर लागतात, त्यांना तो अडथळा जाणवतही नाही. म्हणूनच "लाईट लख्ख आहे, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग चांगलं" हा निष्कर्ष चुकीचा आहे.

खडाक करून अडकला असेल तर

हे आपल्या बेंडिक्सवाल्या गाड्यांचं खास दुखणं. पिनियन रिंगमधे तिरका घुसून बसतो, ना पुढे ना मागे. चावी सोडा, परत परत मारू नका, दर वेळी तो आणखी घट्ट बसतो आणि कॉईल तापते. इग्निशन बंद करा, गाडी टॉप गिअरला टाका, हँडब्रेक सोडा आणि खाली उतरून गाडी मागेपुढे झुलवा. टक असा आवाज येऊन सुटते. उतारावर हे करू नका, सपाट जागेत करा आणि झाल्यावर न्यूट्रल करायला विसरू नका.

त्याने नाही सुटलं तर सेल्फच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या पंख्याकडच्या बाजूला, एक छोटी पत्र्याची टोपी असते, ती काढली की शाफ्टचं चौकोनी टोक दिसतं. त्यावर पाना लावून फिरवायचं, पिनियन मोकळा होतो. जुन्या ड्रायव्हर लोकांना हे हमखास माहीत असायचं, आताच्या पोरांना ते टोक कशासाठी दिलंय हेच माहीत नसतं. बिचाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी असा सेल्फ बघितलेलाच नसतो.

महिन्या-दोन महिन्यातून एकदा अडकला तर चालतं. आठवड्यात दोनदा अडकला तर पिनियनचे दात, रिंगचे दात किंवा सेल्फचे सैल झालेले बोल्ट, यातलं काहीतरी आहे. सेल्फ दोनच बोल्टवर बसतो, ते आधी घट्ट करून बघा.

सोलेनॉइडचं रबरी बटण

आपल्या गाडीत सोलेनॉइड बॉनेटखाली हाताशी असतो, दोन जाड केबली आणि एक बारीक वायर. मूळ पद्धतीच्या सोलेनॉइडला मागे रबरी टोपीचं बटण असतं. गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री करा आणि ते बटण अंगठ्याने जोरात दाबा. सेल्फ जोमाने फिरला तर सेल्फ, बॅटरी, जाड केबली, अर्थ सगळं चांगलं आहे, दोष चावीच्या स्विचमधे किंवा बारीक वायरमधे. मूळ वायरिंग शाबूत असेल तर ती वायर पांढऱ्यावर लाल रेघेची असते, तिचं टोक काढून साफ करून घट्ट बसवा, कितीतरी वेळा तेवढ्यावरच भागतं.

बटण दाबूनही फिरला नाही, किंवा तसाच जड फिरला, तर पुढे चला.

नवीन मिळणाऱ्या सोलेनॉइडला पुष्कळदा बटण नसतं. मग बॅटरीकडच्या जाड टर्मिनलपासून बारीक वायरच्या टर्मिनलला एक छोटी वायर क्षणभर टेकवा. दोन जाड टर्मिनलांवर पाना आडवा ठेवून सेल्फ मारतात ना, ते करू नका. पान्याला खड्डे पडतात, डोळ्यात ठिणगी जाते, आणि एकदा पाना तिथेच वेल्ड होऊन बसला की बॅटरी सोडेपर्यंत सेल्फ थांबत नाही.

अजून एक. या सोलेनॉइडच्या आतल्या कॉईलचा अर्थ त्याच्या पत्र्याच्या बॉडीतून जातो. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आली आणि त्यानंतर टक सुद्धा येत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी पहिल्यांदा सोलेनॉइडचे स्क्रू काढतो. खाली सुंदर चकचकीत रंग असतो. तेवढ्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, झालं.

आता अर्थ, आणि इथे जरा थांबा

एका आषाढात आम्ही गगनबावड्याला गेलो होतो. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, समोरचं दहा फुटावरचं दिसत नव्हतं. चहाला थांबलो, परत बसलो, सेल्फ मारला, टक. परत, टक. बॅटरी नवीन. तीनच आठवड्यांपूर्वी याच तक्रारीसाठी सेल्फ एका गॅरेजमधे उतरवून कार्बन, बुश सगळं नवीन टाकून घेतलं होतं. वडील काही न बोलता खाली उतरले, डिकीतून हँडल काढलं आणि पावसात दोन झटक्यात गाडी चालू केली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सेल्फ मारत बसलो. पाच-सहा वेळा जड जड फिरला, इंजिन काही धरेना, म्हणून चोक ओढायला नॉबला हात लावला तर ती गरम. बॉनेट उघडलं तर चोकच्या केबलचं वरचं आवरण मऊ पडून जळकट वास येत होता. चोकच्या केबलमधे वीज नसते, ती नुसती लोखंडी तार. मग ती तापली कशी?

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशोबाने ते बॉडीपासून तुटलेलं. बॅटरीतून करंट जाड केबलने सेल्फमधे जातो, सेल्फच्या बॉडीतून इंजिनात उतरतो, आणि इंजिनातून गाडीच्या बॉडीत परत यायला त्याला एकच राजरस्ता असतो, इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीला जोडलेली विणलेल्या तांब्याची अर्थ पट्टी. ती आमच्या गाडीत खालून तुटून दोन-तीन तारांवर लोंबत होती, वर चिखल आणि ऑईलचा थर, त्यामुळे दिसलीच नव्हती. राजरस्ता बंद झाल्यावर करंट मिळेल त्या गल्लीतून परत येतो, म्हणजे चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरचा दुवा, स्पीडोमीटरची केबल. त्या बारीक तारेतून एवढा करंट गेला की ती हीटरसारखी तापते. आणि तापलेल्या धातूचा अडथळा आणखी वाढतो, म्हणून थंडीत चालू होणारी गाडी गरम झाल्यावर रुसते.

नवीन पट्टीला फार पैसे पडले नाहीत आणि तो दोष त्या दिवसापासून गेला. तेव्हापासून सेल्फची तक्रार घेऊन कोणीही आलं की माझा हात आधी त्या पट्टीकडे जातो.

तपासायची सोपी रीत. जंप केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, एखाद्या जाड बोल्टला (पंखा-पट्ट्यापासून लांब). सेल्फ मारा. एकदम जोमात फिरला तर दोष सापडला.

मीटरने करायचं असेल तर इग्निशन कॉईलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, थेट खुंटावर. दुसरं टोक इंजिनावर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. आकडा ०.२, फार तर ०.३ पर्यंत ठीक. आमच्या गाडीत त्या दिवशी २.१ आला होता. जास्त आला की वाट तुकड्यातुकड्याने मोजा, खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो तिथेच घाण, गंज किंवा तुटलेली तार आहे. अंदाज करायची गरजच राहत नाही.

तसंच दुसऱ्या बाजूचं, बॅटरीच्या दुसऱ्या, अर्थ नसलेल्या खुंटापासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत. इथे मधे सोलेनॉइड येतो म्हणून ०.५ पर्यंत चालतं. सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांमधे सेल्फ फिरताना ०.२ पेक्षा बरंच जास्त येत असेल तर आतले तांब्याचे संपर्क जळालेत, तो बदला, खोलून घासण्यात फार काळ निघत नाही.

केबलीबद्दल एक सांगतो. बाजारात तयार मिळणारी बॅटरी केबल वरून बोटाएवढी जाड दिसते, कापून बघितली की आत तांबं करंगळीच्या नखाएवढं सुद्धा नसतं, बाकी सगळं प्लॅस्टिक. मी आता वेल्डिंगची केबल घेतो, ३५ स्क्वेअर एमएमची, टोकाला तांब्याचे लग (बोल्टात बसणाऱ्या कड्या) क्रिम्प करून घेतो. जुन्या केबलीचं रबर लगजवळ फुगलेलं असेल, दाबल्यावर करकर वाजत असेल तर आत तार हिरवी पडलेली आहे, ती ठेवू नका.

हँडलने दोन गोष्टी कळतात

अ‍ॅम्बेसेडरला हँडल आहे हे आपलं भाग्य. इग्निशन बंद, न्यूट्रल, आणि हँडलने इंजिन फिरवून बघा. अजिबात फिरत नसेल तर दोष सेल्फचा नाहीच, प्लग काढूनही फिरत नसेल तर इंजिन आतून धरलंय, आणि प्लग काढल्यावरच फिरत असेल तर सिलेंडरमधे पाणी उतरलेलं असू शकतं. तिथेच थांबा. सेल्फ मारून किंवा गाडी ढकलून जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरी गोष्ट रिंगची. चार सिलेंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे जवळजवळ ठराविक दोनच जागी थांबतं, त्यामुळे फ्लायव्हीलच्या रिंगवर पिनियन कायम त्याच दोन जागी आपटतो आणि तिथलेच दात झिजतात. खर्रर्र आवाज येऊन उचलला नाही तर हँडलने पाव फेरी फिरवा आणि परत सेल्फ मारा. आता छान उचलला, आणि असं वारंवार होतंय, तर रिंग झिजली आहे असं समजा.

हँडल मारताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत हँडल आवळायचं नाही, आणि खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. टायमिंग पुढे असेल तर इंजिन उलटा झटका मारतं आणि मनगट मोडतं. वडिलांनी मला हे गाडी शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

सेल्फ उतरवायचाच असेल तर

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच. अर्थची केबल आधी काढा. सेल्फ इंजिनाच्या उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या खाली असतो, वरचा बोल्ट हाताला नीट लागत नाही, एक्स्टेन्शन लागतं. खालून काम करायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. हे काम उद्यावर ढकलता येतं, जीव परत येत नाही.

गर्रर्र मोकळा फिरणाऱ्याचं बेंडिक्स बघा. पिनियन हाताने आट्यांवर फिरवला की सरळ पुढे जाऊन स्प्रिंगने मागे यायला हवा. क्लचची धूळ आणि ऑईल मिळून त्यावर काळा चिकट थर बसतो, पिनियन मागेच चिकटून राहतो. रॉकेलने धुवा, ब्रशने आट्या साफ करा, वाळवा. ग्रीस लावायचं नाही, लावलंत की पुढच्या दोन महिन्यांत तीच धूळ धरून आधीपेक्षा वाईट होतं, फार तर पातळ ऑईलचा एक थेंब. मात्र एक लक्षात घ्या, पिनियन पुढे फेकला जातो तो सेल्फच्या पहिल्या झटक्यावर. व्होल्टेज कमी पोचलं तर झटकाच बसत नाही, पिनियन अर्धवट जातो किंवा जातच नाही. म्हणजे बेंडिक्सचं वाटणारं दुखणं सुद्धा पुष्कळदा बॅटरी किंवा अर्थचंच असतं, मी आधी ते करायला सांगतो ते याचसाठी. बेंडिक्सची जाड स्प्रिंग मात्र घरी खोलू नका, ती दाबून ठेवलेली असते, सुटली तर तोंडावर येते.

कार्बन चार असतात. मागची पट्टी सरकवून प्रत्येक कार्बन स्प्रिंग उचलून वर-खाली करून बघा, अडकता कामा नये. लांबी ८ मिलिमीटरच्या आसपास आली की बदला. दोन कार्बनच्या शेपट्या फील्ड कॉईलला (सेल्फच्या खोळीतल्या न फिरणाऱ्या कॉईलला) जोडलेल्या असतात, त्या काढून जोडायला जरा दमदार सोल्डरिंग लागतं, मोबाईल दुरुस्तीच्या सोल्डर गनने होत नाही. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, नाहीच गेलं तर बारीक काच कागद, एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. आणि हे कारागिराला आवर्जून सांगा, डायनॅमोच्या कम्युटेटरवर पट्ट्यांमधला मायका खाली कापतात, पण सेल्फच्या कम्युटेटरचा मायका कापायचा नसतो. सवयीने कापून ठेवतात, मग कार्बनची भुकटी त्या फटीत भरून शॉर्ट होतं.

बुश झिजले की आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) खाली बसून पोलला (भोवतीच्या स्थिर लोखंडाला) घासतं, त्यावर चकचकीत ओरखडे दिसतात. असा सेल्फ थंडीत कसाबसा फिरतो. नवीन बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, बसवायच्या आधी चोवीस तास इंजिन ऑईलमधे बुडवून ठेवायचे, म्हणजे ऑईल आत मुरतं. कोरडे बसवलेले वर्षभरात जातात. बसवायचं काम लेथवाल्याकडूनच करून घ्या, हातोडीने ठोकले की वाकडे बसतात.

कुठे हात थांबवायचा

आर्मेचर किंवा फील्ड कॉईलला जळकट वास येत असेल, कम्युटेटरवर सोल्डर उडालेलं दिसत असेल, तर वाईंडिंगवाल्याकडे. त्याच्याकडे आर्मेचर तपासायचं यंत्र असतं, आपल्या मीटरला ते शॉर्ट सापडत नाहीत. रिंग झिजली असेल तर गिअरबॉक्स, क्लच उतरवून फ्लायव्हील काढावं लागतं, जुनी रिंग छिनीने फोडून नवी तापवून बसवतात. ते घरचं काम नाही, गाडी सरळ चांगल्या मेकॅनिककडे न्या. सेल्फ मारताना डॅशबोर्डमागून धूर आला तर बॅटरी सोडा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडीजवळ बोलवा, तोवर परत चावी लावू नका. चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर सोलेनॉइड चिकटलाय, ताबडतोब अर्थ केबल काढा, क्लॅम्प हाताने ओढून निघेल इतका सैल ठेवायचा नसतो, म्हणून दहाचा पाना कायम बॉनेटखाली ठेवत जा. आणि हँडलने इंजिन फिरत नसेल तर वर सांगितलंच.

आमच्या इथे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि वाईंडिंगची कामं अजून चांगली होतात, पुण्याकडच्यांना सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे. सेल्फ देताना नुसतं "चेक करा" म्हणून टाकून येऊ नका. लक्षण सांगा, मोजलेले आकडे सांगा, कुठले भाग बदलायचे ते आधी विचारा, आणि जुने भाग परत मागून घ्या. उद्यमनगरातले आमचे वायरिंगवाले मामा आकडे ऐकले की लगेच खुर्ची पुढे ओढतात, कारण त्यांचाही अर्धा दिवस वाचतो. घेताना समोर शिकंज्यात (व्हाइसमधे) धरून बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा, पिनियन झटक्यात पुढे जाऊन परत येतो का ते डोळ्याने बघा.

बसवताना सेल्फ आणि इंजिन जिथे टेकतात ती जागा घासून स्वच्छ करा, सेल्फचा अर्थ तिथूनच जातो, तिथे रंग किंवा ऑईल राहिलं तर सगळी मेहनत वाया. बोल्ट घट्ट, केबल घट्ट, शेवटी अर्थ. मग परत एकदा मीटर लावून अर्थच्या बाजूचा आकडा मोजा. मी तो तारखेसकट एका चिठ्ठीवर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवतो. आमच्या गाडीचा पावसाळ्याआधीचा आकडा ०.१२ होता, दसऱ्याला गाडी धुवून पूजा केली तेव्हा मोजला तर ०.१९, म्हणून या रविवारी पट्टीचे दोन्ही बोल्ट काढून घासून परत बसवणार आहे.